मोर्चाची परवानगी, पुणे शहर : पाचपैकी अडीच तारे

राज्य सरकारच्या लोकसेवा हक्काच्या यादीत गृह विभागाखाली एक ओळ सापडते : सभा, संमेलन, मिरवणूक, शोभायात्रा यांसाठी परवानगी. तिच्याच आसपास ध्वनिक्षेपकाचा परवाना आहे. म्हणजे सरकारच्या लेखी ही एक सेवा आहे, आणि सेवा म्हटली की तिचं परीक्षण आलंच. मिसळीला तारे देणाऱ्या शहरात परवानगीला द्यायला हरकत नसावी. फरक एवढाच की मिसळ नाही आवडली तर समोरच्या हॉटेलात जाता येतं. इथे समोर दुसरं दुकान नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. बंदोबस्ताला चार तारे, लेखी उत्तर देण्याला एक. सरासरी अडीच.

बंदोबस्ताचे चार उगाच नाहीत. शिक्षण, साखर, समाजकल्याण अशी राज्याची आयुक्तालयं पुण्यात असल्यामुळे शिक्षकांचा मोर्चा नांदेडचा असो की ऊस उत्पादकांचा कोल्हापूरचा, त्याचा शेवट बरेचदा पुण्यात होतो. साखर संकुल, सेंट्रल बिल्डिंग, जिल्हाधिकारी कार्यालय, विधान भवनातलं विभागीय आयुक्त कार्यालय, महापालिका : ही ठिकाणं पोलिसांच्या अंगवळणी पडलेली आहेत. चौकात वाहनं कधी अडवायची, कधी सोडायची, हे तिथल्या हवालदाराला शिकवावं लागत नाही. २५ सप्टेंबर २०१६ चा मराठा क्रांती मूक मोर्चा या शहराने पाहिला आहे. एवढी अफाट गर्दी शिस्तीत गेली, त्यात स्वयंसेवकांचा वाटा मोठा होता आणि बंदोबस्ताचाही होता. अडचण रस्त्यावर पाऊल ठेवायच्या आधीची आहे. कागदावर 'हो' किंवा 'नाही' मिळवणं हे वेगळंच काम आहे.

मुळात इथे मागायचं काय असतं, ते नीट समजून घ्यावं. एकत्र जमण्याचा हक्क पोलीस देत नाहीत. तो संविधानाच्या कलम १९(१)(ख) मध्ये आहे, दोन अटींसह : शांततेने आणि विनाशस्त्र. पोलिसांच्या हातात आहे ते नियमन. कुठून जायचं, किती वाजता, रस्त्याचा किती भाग घ्यायचा, आवाज किती. हिमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त या खटल्यात १९७२ साली घटनापीठाने हीच रेघ मारली. प्रकरण गुजरातचं होतं, पण कायदा आपलाच : १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. सार्वजनिक रस्त्यावर सभेसाठी पूर्वपरवानगी घ्यायला लावणं चालेल. मात्र ती कशासाठी नाकारायची याला काही धरबंधच नाही, सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर, असा नियम चालणार नाही. तो नियम रद्द झाला. दुसऱ्या बाजूने, दिल्लीतल्या शाहीन बागेच्या ठिय्याच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही. या दोन निकालांच्या मधली जागा म्हणजे ही सेवा.

आता वर्तमानपत्रातली नेहमीची गल्लत. 'परवानगी नाकारली' आणि 'बंदी आहे' हे एकच समजलं जातं. बंदी म्हणजे लेखी आदेश. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७(३) खाली जमाव आणि मिरवणुकीला मनाई करता येते, पण राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ती १५ दिवसांपलीकडे टिकत नाही. दुसरा रस्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४४. तो आदेश दोन महिन्यांपर्यंत चालतो. १ जुलै २०२४ पासून कायदे बदलले, आकडे बदलले, तोंडातले बदलले नाहीत. ठाण्यातही १४४, १४९, १८८ असंच बोललं जातं. मनाई आहे असं कुणी सांगितलं की तीनच गोष्टी विचाराव्यात : आदेशाचा क्रमांक, तारीख, कधीपर्यंत लागू. अनुराधा भसीन खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि रास्त मतप्रदर्शन दाबायला ते वापरू नयेत, असं बजावलं आहे. तेव्हा प्रत मागण्यात आगाऊपणा काही नाही.

अर्जाकडे येऊ. साध्या कागदावर, दोन प्रती, ज्या ठाण्याच्या हद्दीत लोक जमणार त्या ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे. एकेक प्रत वाहतूक शाखेला आणि आयुक्तालयातल्या विशेष शाखेला. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणं असेल तर बंडगार्डन ठाणं. मोर्चा असेल तर मामला वाढतो, कारण पेठांमधून जाताना हद्द चौकागणिक बदलते. लाल महाल, फडके हौद, दारूवाला पूल करत स्टेशनकडे निघालात की वाटेत तीन-चार ठाणी लागतात, आणि प्रत्येकाला आपापल्या तुकड्याचीच काळजी. पिंपरी-चिंचवडहून पायी येणार असाल तर २०१८ पासून ते आयुक्तालयच वेगळं आहे. दापोडीला हॅरिस पूल ओलांडला की पोलीस दल बदलतं. तिकडची परवानगी इकडे चालत नाही, दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज लागतो. मांडव घालणार असाल तर महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालयही आलं. मांडव टाळा. डोक्यावर छत हवंच असेल तर छत्र्या बऱ्या. त्यांना ना हरकत पत्र लागत नाही.

अर्जात काय लिहिता यावर अर्धं उत्तर ठरतं. 'मोठ्या संख्येने कार्यकर्ते उपस्थित राहतील' हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. आकडा लिहा, आणि खरा लिहा. तीनशे येणार असताना तीन हजार लिहिले की रस्ता बंद करण्याचा प्रश्न येतो, वाहतूक शाखा नको म्हणते. तीनशे लिहून तीन हजार आणले तर बंदोबस्त कमी पडतो, आणि पुढच्या वेळी तुमच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. वाहतूक शाखेला पटेल असा हिशेब द्यावा. चारची रांग, दोन रांगांत सव्वा मीटरच्या आत अंतर धरलं, तर हजार माणसांचा मोर्चा साधारण ३०० मीटर लांब होतो. मोर्चाचा वेग ताशी दोन किलोमीटरच्या वर जात नाही. म्हणजे शेपूट एका चौकातून बाहेर पडायला नऊ मिनिटं. पाचशे-पाचशेचे दोन जथे करून मध्ये जागा सोडली तर साडेचार मिनिटांनी गाड्या सोडता येतात. हे अर्जातच लिहिलं असेल तर समोरच्या अधिकाऱ्याचा सूर बदलतो, कारण त्याच्या डोक्यात चाललेला हिशेब तुम्ही आयता मांडून दिलेला असतो.

बाकी : जमायची जागा आणि वेळ, निघायची वेळ, रस्त्यांची आणि चौकांची नावं क्रमाने, निवेदन कुणाला देणार, सोबत वाहनं किती, ध्वनिक्षेपक आहे की नाही, तीन जबाबदार माणसांची नावं आणि मोबाइल. तिघांपैकी एकाने त्या दिवशी कुठलंही दुसरं काम घ्यायचं नाही. त्याचा फोन लागलाच पाहिजे. पंचवीस-तीस माणसांमागे एक स्वयंसेवक, त्यांची यादी वेगळी जोडा. आणि शेवट. किती वाजता, कुठे, कसा संपणार, हे निम्म्या अर्जांत नसतंच. पोलिसांना सुरुवातीपेक्षा शेवटाची धास्ती जास्त. निवेदन दिल्यावर लोक कोणत्या दिशेने पांगणार, गावाकडच्या गाड्या कुठे उभ्या, एवढं एका ओळीत लिहिलं तरी पुरतं.

तारखेचं भान ठेवा. पालख्या शहरात मुक्कामी असताना, गणपतीच्या दहा दिवसांत, १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या बंदोबस्तात आणि मोठ्या नेत्याच्या दौऱ्याच्या दिवशी मागितलेली परवानगी म्हणजे नकार मागून घेणं. कारणही खरं असतं : माणूसबळच नसतं. वेळ अकरा ते दोन उत्तम. त्याआधी ऑफिसला जाणारी गर्दी, त्यानंतर साहेब जेवायला. संध्याकाळी सहानंतर लक्ष्मी रस्ता किंवा अलका टॉकीजचा चौक मागायचाच असेल, तर आधी एकदा तिथे उभं राहून बघून यावं.

आता तो एक तारा.

अर्ज घेतला जातो. 'ठेवून जा, साहेबांना दाखवतो.' इथेच थांबा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच कशी दिसते तेही सांगतो : ठाण्याचा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख, वेळ, घेणाऱ्याची सही आणि शक्यतो त्याचा बक्कल नंबर, म्हणजे बिल्ल्याचा क्रमांक. यातला आवक क्रमांक सगळ्यात मोलाचा, कारण तो रजिस्टरात चढलेला असतो. नुसता शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंद नव्हे. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा. ऑनलाइन अर्ज केला तरी ठाण्याची फेरी चुकत नाही, हे गृहीत धरून चला.

मग शांतता. मग 'गोपनीय'चा फोन. प्रत्येक ठाण्यात गोपनीयचं काम बघणारे एक-दोन जण असतात, साध्या कपड्यातले, बोलायला बहुधा गोड. किती जण येणार, नेतृत्व कोण करणार, नुसतं निवेदन की आणखी काही, पुतळाबितळा जाळणार का. सरळ उत्तरं द्या, लपवण्यासारखं काही नसतंच. तेही वर माहिती पोचवतात, एवढंच. परवानगी देणं-नाकारणं त्यांच्या हातात नाही, त्यामुळे 'होऊन जाईल हो' हे त्यांचं वाक्य परवानगी म्हणून धरू नये. 'नाही जमणार' हे नकार म्हणूनही धरू नये.

उत्तर तोंडी येतं, आणि उशिरा येतं. मोर्चा गुरुवारी अकराला असेल तर पत्र बुधवारी संध्याकाळी हातात, हे ज्यांनी हा व्याप केला आहे त्या कुणालाही नवीन नाही. कधी पत्रच येत नाही, येते ती नोटीस : नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली, म्हणजे जुनी १४९ ची. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून समज, काही झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल, खाली सही करा. या नोटिशीला लोक एक तर फार घाबरतात नाही तर फाडून टाकतात. दोन्ही चूक. ती परवानगीही नाही आणि बंदीही नाही. सही करताना 'प्रत मिळाली' एवढंच लिहून तारीख-वेळ टाकायची. 'मान्य' असं लिहायचं नाही.

तोंडी नकाराची खरी गोम न्यायालयात कळते. नकाराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात रिट करता येतं. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात नाही, आपल्याला मुंबईच गाठावी लागते. तिथे पहिला प्रश्न : नकाराचा आदेश कुठे आहे? औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये माजलगावच्या आंदोलकांच्या बाजूने निकाल दिला, परवानगी नाकारणारा आदेश रद्द केला, एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही असं म्हटलं. ते शक्य झालं कारण रद्द करायला कागद होता. 'साहेब नाही म्हणाले' हे रद्द करता येत नाही. म्हणून पोच, आणि पोच मिळाल्यावर दोन दिवसांनी स्मरणपत्र : 'निर्णय लेखी कळवावा, नकार असल्यास कारणांसह व पर्यायी जागा-वेळेसह.' हे एक वाक्य सगळ्या अर्जापेक्षा जास्त काम करतं. पर्यायी जागा मिळते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. ती बहुतेक वेळा जिल्हाधिकारी कार्यालयाचा परिसर असते, पण मिळते.

लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. मुदतीत सेवा न मिळाल्यास पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. कसूरदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. वाचायला छान आहे. पण सात-बाराचा उतारा महिनाभराने मिळाला तरी उपयोगाचा असतो, मोर्चाची परवानगी मोर्चानंतर मिळून काय करायची?

आणि उत्स्फूर्त आंदोलनासाठी या सेवेत खिडकीच नाही. ११ मार्च २०२१ ला एमपीएससीची तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याची बातमी आली आणि नव्या पेठेत शास्त्री रस्त्यावर पोरं उतरली. अर्ज कुणी करायचा, संयोजक कोण, तीन जबाबदार माणसांचे मोबाइल कुठले? परीक्षेची नवी तारीख मात्र लगेच जाहीर झाली, २१ मार्च. काही दिवस आधी अर्ज द्यायची शिस्त पाळली असती तर अर्ज आणि परीक्षा एकाच आठवड्यात आले असते. अशा वेळी एकच करता येतं : जमलेल्यांपैकी दोघांनी लगेच जवळच्या ठाण्यात जाऊन चार ओळींचं हस्तलिखित पत्र द्यायचं, आणि बाकीच्यांनी रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवायची.

साहित्याबद्दल थोडं, कारण परवानगीतल्या अटी इथेच मोडल्या जातात. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवती सरकारने जाहीर केलेलं किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र, जिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. आता पुण्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शेजारी ससून. शिवाजीनगरला न्यायालय. पेठांत दर चौथ्या वाड्यामागे शाळा. मोर्चाची जी आवडती ठिकाणं, तिथेच भोंग्याला अडचण. हातातला मेगाफोनही ध्वनिक्षेपकच. 'छोटा आहे' ही सबब चालत नाही.

मेगाफोन घेणार असाल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून, आणि दुकानाबाहेर रस्त्यावर वाजवून बघून. चार्जिंगच्या बॅटरीचा घ्या, पण सेलवर चालण्याची सोय असलेला. घोषणा ऐन रंगात आल्या की चार्जिंग संपतं, हा त्याचा धर्मच आहे. सुटा माइक असलेला बरा, मात्र माइक भोंग्याच्या पुढे गेला की कर्कश शिट्टी सुटते. बोलणाऱ्याने भोंग्याच्या मागेच राहायचं आणि आवाजाचं बटण पाऊणच्या पुढे न्यायचं नाही. सायरनचं बटण असतं, त्यावर चिकटपट्टी मारा. गर्दीत कुणाचा तरी अंगठा त्यावर पडतो, मागच्यांना वाटतं पोलीस आले, आणि पळापळ होते. शांतता क्षेत्रात मेगाफोन पिशवीत टाकून घोषणा तोंडाने द्यायची : पुढच्या रांगेने निम्मी, मागच्यांनी उरलेली. ही पद्धत जुनी आहे, हिला परवाना लागत नाही.

फलकाच्या काठीवरून सगळ्यात जास्त हुज्जत होते. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) चा आदेश लागू असेल तर काठ्या, लाठ्या, दगड, इजा होईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला मनाई असते. मोठ्या सणांच्या आगेमागे तो आदेश असतोच असं समजा. बांबूला लावलेला झेंडा त्यात सहज बसतो. वायरिंगचा हलका पीव्हीसी पाइप किंवा कापडाच्या ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. फ्लेक्स टाळावा, वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि धरणाऱ्यांचे खांदे काढतो. घेतलाच तर अक्षरांच्या मधल्या जागेत अर्धचंद्राकृती चिरा पाडून हवा जाऊ द्या. मांजरपाटावर रंगवलेली अक्षरं फोटोतही चांगली येतात, कारण ती चमकत नाहीत. प्रतीकात्मक पुतळा आणि प्रेतयात्रा हाही वादाचा विषय; त्याच ३७(१) मध्ये प्रेतं, आकृत्या, पुतळे यांचं प्रदर्शन बंद करण्याचा अधिकार दिलेला आहे. गाढवाला हार घालायची कल्पना कुणीतरी मांडतंच. गाढव बिथरलं तर पहिल्या रांगेत म्हाताऱ्या बाया असतात, एवढंच लक्षात आणून द्यावं.

पाणी. हजार माणसांना दोन तासांसाठी प्रत्येकी अर्धा लिटर धरलं तर ५०० लिटर, म्हणजे २० लिटरचे २५ जार. ते मोर्चाबरोबर नेऊ नका, मध्यावर एक आणि शेवटी एक अशा दोन जागी ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुप्पट.

रस्त्यावर आल्यावर समोर कोण आहे ते ओळखता आलं पाहिजे. व्हिडिओ काढणारा अंमलदार असतो. त्याच्याकडे बघून हातवारे करू नयेत, ते चित्रीकरण पुढे दोन्ही बाजूंना उपयोगी पडतं. जाळीची हेल्मेटं आणि ढाली घेतलेलं दंगल नियंत्रण पथक मागे गाडीत बसलेलं असतं. ते उतरलं म्हणजे लाठीमार होणार असा अर्थ नसतो, पण स्वयंसेवकांनी मोर्चाचा वेग कमी करून रांगा जुळवायच्या ती हीच वेळ. जमाव पांगवण्याचा हुकूम कुणीही देऊ शकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे तो कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी, किंवा तो हजर नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी देतो. खांद्यावर दोन तारे तरी हवेत. (या परीक्षणातले नव्हेत.) असा हुकूम झाला की वाद तिथे घालायचा नाही. भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १८९ मध्ये हुकूम झाल्यावरही थांबून राहणं हा वेगळा गुन्हा आहे. वेळ टिपून घ्या, अधिकाऱ्याच्या छातीवरचं नाव टिपून घ्या, निघा.

रुग्णवाहिकेसाठी दोघे स्वयंसेवक वेगळे ठेवा, दुसरं कोणतंही काम न देता. स्टेशनकडे जाणाऱ्या मोर्चाच्या वाटेवर रास्ता पेठेत केईएम, पुढे ससून. गाडी येणारच. रांगेच्या दोन्ही कडांना स्वयंसेवकांनी सुती दोर धरलेला असेल तर तो उजवीकडे ओढला की सगळी रांग सरकते. ओरडून तेवढी सरकत नाही.

ताब्यात घेतलं तर? पुण्यात हे बहुतेक वेळा अटकेच्या पायरीपर्यंत जात नाही. पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ प्रमाणे वाजवी सूचना पाळणं बंधनकारक, न पाळल्यास ६९ प्रमाणे बाजूला नेता येतं, आणि किरकोळ प्रकरणात प्रसंग टळल्यावर सोडता येतं. म्हणून मंत्र्यांची गाडी गेली की तासाभरात सगळे बाहेर चहा पिताना दिसतात. तरी नियम ठाऊक हवेत. प्रतिबंधात्मक अटक नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० ची, म्हणजे जुन्या १५१ ची असेल तर २४ तासांची मर्यादा आहे. अटकेचं कारण सांगितलं पाहिजे, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवलं पाहिजे, वकिलाला भेटता आलं पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. गाडीत बसताना प्रत्येकाने आपलं पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं, बाहेर राहिलेल्या एकाने यादी करायची आणि ठाण्यातून सुटताना ती जुळवायची. मोफत वकिलासाठी शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि १५१०० हा क्रमांक. तो तळहातावर पेनाने लिहून ठेवा. मोबाइल काढून घेतला की पाठ असलेले नंबर कुणालाच आठवत नाहीत.

निवेदन देताना शिष्टमंडळ पाचचं. जिल्हाधिकारी नसले तर निवासी उपजिल्हाधिकारी घेतात, चालतं. फोटो काढून झाल्यावर तेच निवेदन आवक शाखेत देऊन पुन्हा पोच घ्यायची. फोटोला आवक क्रमांक नसतो.

गुन्हा दाखल झाला तर तो बहुधा न्याय संहितेच्या २२३ चा, म्हणजे जुन्या १८८ चा : आदेशाचा भंग. साध्या भंगाला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड. यात संबंधित लोकसेवकाने, त्याच्या वरिष्ठाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या लोकसेवकाने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही, हे वकिलाला आठवण करून देण्यासारखं आहे. सोबत रस्ता अडवल्याचं २८५ जोडतात, त्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय अधूनमधून निघतात. जीवितहानी नको आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नको, अशा त्याच्या अटी. पण ती प्रक्रिया आपोआप होत नाही. अर्ज करावा लागतो, समितीपुढे जावं लागतं, शेवटी सरकारी वकिलाने न्यायालयात मागणी करावी लागते. पोलीस भरतीची नाही तर एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांनी हे आधीच समजून घ्यावं, कारण तोवर प्रलंबित गुन्हा चारित्र्य पडताळणीत दिसतो. पडताळणीचा अर्जही त्याच सेवांच्या यादीत आहे, आणि त्याचं उत्तर मात्र लेखी येतं.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, महाराष्ट्रात १५० शब्दांच्या आत, एकाच विषयावर. त्यात आपल्या अर्जाचा आवक क्रमांक टाकून त्यावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत मागा. टिपणीत प्रत्येक टेबलावर कागद किती दिवस होता ते तारखांसकट दिसतं. पुढच्या अर्जाला ती प्रत जोडून दिली की मागच्या वेळी जिथे पाच दिवस गेले त्या टेबलावरून कागद लवकर हलतो.